बाहेरची खोली आणि पॅनलमधले चौथे नाव

मी, जयवंत मानसिंगराव शितोळे, वय एकोणपन्नास, नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात बॉयलरवर नोकरी करणारा, राहणार निजामपुरा, बडोदे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. माझे मन ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. हे शेवटचे वाक्य पूर्ण खरे राहावे म्हणून नमूद करतो की आमच्या वॉर्डाचे नगरसेवक प्रतापसिंहराव जाचक या महिन्यात दोनदा पेढे घेऊन आले होते. पेढे आम्ही खाल्ले. त्याचा या कागदावर परिणाम झालेला नाही.

माझी शाळा छोटा उदेपूरकडच्या खेड्यात, गुजरातीत झाली. मराठी मला वडिलांनी घरी पोथी पुढ्यात ठेवून शिकवले. त्यामुळे माझी वाक्ये कुठे पोथीसारखी झाली तर वाचणाऱ्याने समजून घ्यावे. आमचे वकील म्हणाले, "काका, मुद्द्याचं लिहा." मी मुद्द्याचेच लिहितो आहे, फक्त मुद्दा दूरवरून चालत येतो.

१. देवघरातल्या दत्तगुरूंच्या पादुका घराबाहेर जाणार नाहीत. त्या पूर्वी सोसायटीच्या फाटकाजवळच्या औदुंबराखाली होत्या. प्रतापसिंहराव सोसायटीचे चेअरमन असताना त्यांनी गाड्या उभ्या करायला जागा हवी म्हणून ते झाड तोडले. मी पाळीवर होतो. परत आलो तेव्हा पादुका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या फाटकाला अडकवलेल्या होत्या. माझी पत्नी कुसुमावती त्या झाडाला रोज पाणी घालायची. ती जाब विचारायला गेली तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, देवाला काय, कुठेही चालतं." या माणसाबद्दल माझ्या मनात जे आहे ते तिथून आहे. ते मी कोणाच्याही नावे करीत नाही. ते माझ्याबरोबर संपावे.

२. बाहेरची खोली सोडून बाकीचे राहते घर, प्रॉव्हिडंट फंड आणि बँकेत जे असेल ते कुसुमावतीचे. तिच्यानंतर आमचा मुलगा विहंग याचे.

३. माझा पान्ह्यांचा डबा आणि स्कूटर विहंगला. स्कूटर उतारावर बंद पडते. तेव्हा तिला शिव्या देऊ नयेत, थोडा वेळ सावलीत उभी करावी.

४. आता बाहेरची खोली. रस्त्याकडे दार असलेली, एका टेबलाची. या खोलीसाठीच हे सगळे लिहायला बसलो.

माझ्या वडिलांच्या काळापासून प्रत्येक निवडणुकीत आमच्या पक्षाचे टेबल याच खोलीत लागते. मतदार यादी इथे, चिठ्ठ्या इथे, चहा इथे. आणि आमच्या गल्लीची एक रीत आहे. मतदानाच्या सकाळी पक्षाची सगळी माणसे या खोलीत येतात, घरची बाई प्रत्येकाच्या तळहातावर दही-साखर देते आणि मग सगळे मिळून मतदानाला निघतात. ज्याने ती खाल्ली त्याचे मत कुठे जाणार हे कोणी विचारत नाही. आधी आई द्यायची, नंतर कुसुमावती.

गेल्या महापालिका निवडणुकीत तिकीट अवंतीताई सहस्रबुद्धे यांना मिळणार असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्या आमच्या भागातल्या पालिकेच्या छोट्या शाळेत शिकवायच्या, आणि ती शाळा बंद करण्याचे घाटत असताना दारोदार फिरून त्यांनीच ती थांबवली होती. तिकीट मिळाले प्रतापसिंहरावांना. वॉर्डात चार जागा. पॅनलमधली तीन नावे आमच्या मनासारखी, चौथे त्यांचे. यंत्रावर तीन बटणे दाबून शेवटचे, मत नोंदवण्याचे बटण दाबले तरी मत होते. चौथ्यासाठी कोणी हात धरत नाही.

त्या सकाळी धुके होते. मी रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरलो होतो, डोळ्यांत झोप होती आणि सगळे जरा पाण्याखाली असल्यासारखे दिसत होते. खोली माणसांनी भरलेली, पण कोणी कोणाशी बोलत नव्हते. कुसुमावती वाटी घेऊन दारात उभी होती.

"मी त्यांच्या नावाने दही-साखर देणार नाही," ती म्हणाली. "ज्याला खायची त्याने आपल्या घरी खावी."

तेवढ्यात अवंतीताई आल्या. ज्यांचे तिकीट गेले त्या येतील असे कोणालाच वाटले नव्हते.

"वहिनी, त्यांच्या नावाने नका देऊ. माझ्या नावाने द्या. मी उभी असते तर दिली असतीत ना?"

"तुम्हाला दोन चमचे दिले असते."

"मग एक मला द्या आणि एक त्यांना. मलाही तो माणूस आवडत नाही. पण तीन आपले आणि चौथा समोरचा, ती शाळा बंद करू बघणाऱ्यांपैकी आला, तर शाळा राहील का, सांगा."

प्रतापसिंहराव बाहेर पायरीवर हात जोडून उभे होते. आत यायचे धाडस त्यांना झाले नव्हते. "वहिनी, मला मिळेल का?"

"झाड लावा, मग मागा."

"लावतो."

"कुठे? तुमच्या गाडीच्या टपावर?"

खोलीत पहिल्यांदा हसू फुटले. कुसुमावतीने त्यांच्या हातावर एक चमचा दही टाकले, त्यांच्याकडे न बघता, आणि साखर घालायला मुद्दाम विसरली. त्यांनी ते तसेच आंबट खाल्ले आणि तळहातसुद्धा चाटला. मग तिने बाकी सगळ्यांना दही-साखर दिली आणि आम्ही निघालो.

रांगेत मला जे दिसले ते इथे लिहू नये असे वकिलांचे मत आहे. तरी लिहितो. शाळेच्या पटांगणात धुक्यात आमची रांग उभी होती आणि मला वाटले की ती पुढे खूप लांब गेली आहे, खोल्यांच्याही पलीकडे. पुढे माझे वडील पागोटे बांधून उभे आहेत, आई डोक्यावरचा पदर सावरते आहे, आणि त्यांच्याही पुढे बडोदे संस्थानाच्या पागेतले आमचे कोणी पूर्वज, ज्यांना मी कधी पाहिले नाही. सगळे शांतपणे आपला नंबर येण्याची वाट बघत होते. कोणाच्याही चेहऱ्यावर उत्साह नव्हता. त्यांनीही आपल्या वेळी मनासारखा माणूस मिळाला म्हणून नाही, तर शेजारचा उभा आहे म्हणून रांग धरून ठेवली असेल, असे मला त्या झोपेत फार स्पष्ट कळले. माझा नंबर आला. मी चारही बटणे दाबली. चौथे दाबताना मी दत्तगुरूंचे नाव घेतले. रागाने की क्षमेने, ते त्यांनाच ठाऊक.

पॅनल पूर्ण निवडून आले. शाळा आजही भरते. झाड अजून लावलेले नाही.

त्या संध्याकाळी विहंग मला म्हणाला, "बाबा, मी तीनच दाबली."

"दही-साखर खाऊन?"

"खाल्ली म्हणून तीन दाबली. नाहीतर गेलोच नसतो."

मत त्याचे होते.

आता प्रतापसिंहरावांचे म्हणणे असे की ही खोली मी पक्षाच्या नावे करून द्यावी, म्हणजे त्यांचे कार्यालय कायमचे इथे होईल. "जयवंतराव, तुम्ही तर आपले जुने माणूस. खोली आपलीच आहे ने?" हे ते दोन्ही वेळा पेढ्यांबरोबर म्हणाले. विहंगने सांगितले आहे की त्यांचा बोर्ड आपल्या दारावर लागला तर तो कारेलीबागेत भाड्याने राहील आणि आईला घेऊन जाईल. तो बोलतो ते करतो. म्हणजे खोली दिली तर माझ्यामागे घर रिकामे होणार, आणि नाही दिली तर वडिलांपासून चालत आलेले टेबल मी उचलले असे गल्ली म्हणणार. शस्त्रक्रियेपेक्षा या गोष्टीने माझी झोप जास्त उडवली आहे.

पुष्कळ विचार करून ठरवले ते असे. बाहेरची खोली मी पूर्ण मालकीने कुसुमावतीला देतो. पक्षाला देत नाही. निवडणुकीच्या वेळी टेबल लावू द्यायचे की नाही हे ती त्या त्या वेळी ठरवील. पक्ष माझाच आहे आणि पुढेही तो ज्याला उभा करील त्याला, कारण तेवढेच सबळ असेल तर, आपल्या माणसांनी मत द्यावे असेच मला वाटते. पण ते दर वेळी नव्याने द्यायचे असते. खोली कायमची पक्षाची झाली तर उमेदवाराला आमच्या पायरीवर उभे राहून मागावे लागणार नाही. त्याला मागावे लागले पाहिजे. आणि आत वाटी घेऊन कोणीतरी नाही म्हणू शकणारे असले पाहिजे.

५. माझ्यामागे प्रतापसिंहराव खांदा द्यायला आले तर विहंगने त्यांना अडवू नये. भाषण मात्र करू देऊ नये.

६. साक्षीदारांबाबत. वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्राने काही मिळत नसावे, नाहीतर पुढे वाद होतो. म्हणून मी अवंतीताई आणि प्रतापसिंहराव यांना साक्षीदार म्हणून बोलावले आहे. अवंतीताईंना मला जे द्यायचे होते, आईची निळी शाल, ती आजच त्यांच्या हातात दिली.

हे कलम मी त्या दोघांसमोर बसून लिहितो आहे. साक्षीदाराने कागद वाचलाच पाहिजे असे नाही, पण मी प्रतापसिंहरावांना वाचायला दिला. चौथ्या कलमावर ते फार वेळ थांबले. चहावर साय आली.

"हा तर जुलूम आहे, जयवंतराव. माझ्याच हातून मला नाही म्हणवता?"

"तुम्ही सही केली नाहीत तरी चालेल. मी समोरच्या पानवाल्याला बोलावतो."

"आणि गल्लीत काय सांगाल?"

"की तुम्हाला कागद आवडला नाही."

अवंतीताई शालीची घडी नीट करीत म्हणाल्या, "आवडला नाही तरी करता येतं हो, जाचकसाहेब. आम्ही सगळ्यांनी करून पाहिलंय."

कुसुमावती दारात येऊन उभी राहिली. प्रतापसिंहरावांनी तिच्याकडे पाहिले, मग कागदाकडे, आणि खिशातले पेन काढले.

वरील सर्व मजकूर माझा असून दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी खाली सही करीत आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. याची अंमलबजावणी विहंगने करावी.

जयवंत मानसिंगराव शितोळे

साक्षीदार:

१. अवंती सहस्रबुद्धे. जयवंतरावांनी माझ्यासमोर सही केली.

२. प्रतापसिंहराव जाचक. जयवंतरावांनी माझ्यासमोर सही केली. कागद पूर्ण वाचला. कलम चार मान्य नाही. सही केली आहे.

ठिकाण: निजामपुरा, बडोदे
दिनांक: ९ डिसेंबर २०२२