आप्पासोंचा स्वेटर

कोची
८ जुलै २०२४

ती. राजमतीकाकीस,
आदितीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि दादाकडे निरोप दिला तर तो निम्मा वाटेतच विसरतो, म्हणून पोस्टाची पायरी चढले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. अनुजावहिनीकडून वाचून घेतलंस तर तिला मधलं काही गाळू देऊ नकोस.

मी इथे काय काम करते ते तू दर दिवाळीला विचारतेस आणि जुन्या वस्तू पुसते असं सांगून मी सुटते. या वर्षी नीट सांगते. एकाहत्तरच्या युद्धात कामी आलेल्या नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या घरगुती वस्तू आमच्या संग्रहालयात गोळा करतोय. पदकं आणि तलवारी नकोत, त्या सगळीकडे असतात. एकाचा दाढीचा ब्रश आलाय, त्यात वाळलेला साबण अजून आहे. एकाच्या डायरीत मेसमधल्या डाळीबद्दल रोज तक्रार आहे. ४ डिसेंबरला, नौदल दिनी, दालन उघडायचं आहे आणि प्रत्येकाला काचेचा एक कप्पा आहे. आप्पासोकाकांच्या कप्प्यात आज फक्त फोटो आहे. दुसऱ्यांच्या घरी जाऊन मी त्यांना ट्रंका उघडायला लावते आणि माझ्याच घरचा कप्पा रिकामा. लाज वाटते गं.

फोटोत त्यांनी गडद स्वेटर घातलाय, व्ही गळ्याचा, पुढे वेणीची वीण. आई म्हणते तो तू विणलास. असेल तर मला तो हवाच आहे. शिवाय डायरी, पेन, जे सापडेल ते पाठव. फक्त काही धुऊ नकोस, इस्त्री करू नकोस, फाटलं असलं तरी शिवू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

रागावलीस तरी लोभ आहे तेवढाच राहू दे.

तुझी,
आदिती


॥ श्री वीतरागाय नमः ॥

गडमुडशिंगी
२१ जुलै

चि. आदितीस,
राजमतीकाकीचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. मीच वाचलं, अजून डोळे शाबूत आहेत. इकडे सगळी बरी आहेत. ऊस बरा आहे, गुडघे होते तसेच आहेत. तिकडे खोबरेल तेलात भाजी करतात म्हणे, म्हणूनच तू अशी काडी झालीस. चटणीचा डबा दादाकडून पाठवते.

त्यांची काळी ट्रंक घरात आहे. पांढऱ्या रंगातलं नाव निम्मं उडालंय. आम्ही त्यात शेंगा ठेवतो, पत्रा चांगला आहे, उंदीर शिरत नाही. शेंगा पोत्यात काढल्या आणि तू म्हणालीस म्हणून ट्रंक पुसली नाही, अनुजा मात्र नाक मुरडते आहे. डायरीही आहे. त्यांची चार-दोन पानं असतील, पुढे तुझ्या बाबांनी शाळेची गणितं केली आहेत. त्यातले गुणाकार बहुतेक चुकलेत, तेवढे बाबांना आवर्जून दाखव. दोन्ही वस्तू दादा कुरिअरने पाठवील.

स्वेटर नाही.

दुसरं काही विशेष नाही. जेवत जा. आठवण ठेव.

तुझी,
काकी


कोची
१४ ऑगस्ट

ती. काकीस,
सा. न. वि. वि.

ट्रंक पोचली. आत पावशेर टरफलं होती आणि एक जिवंत मुंगळा कोल्हापुरातून इथवर फुकट आला. आमचे सर खूश आहेत. टरफलंसुद्धा एका पुडीत जपून ठेवली आहेत, आता बोल.

डायरी मी सगळी वाचली. काकांनी बोटीवरची कामं आणि हवा, एवढंच लिहिलंय. घराबद्दल एकच ओळ आहे, ती जशीच्या तशी उतरवते. घरून स्वेटर आला, ऊबदार आहे, बाही थोडी लांब झाली आहे, राजीला सांगणार नाही. काकी, तुला कोणी राजी म्हणायचं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

म्हणून पुन्हा विचारते. स्वेटर खरंच नाही, की द्यायला जीव होत नाही? इथे तो नीट राहील. लोकरीला कसर लागते, म्हणून आम्ही कपडा पिशवीत बंद करून काही दिवस बर्फाच्या थंडीत ठेवतो. किडे, अंडी सगळं मरतं. मग काचेत, अंधारात. कोणाचा हात लागत नाही. आपण कोणी उरणार नाही, पण तो राहील.

नाही म्हणायचं तर नाही म्हण, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
आदिती


॥ श्री वीतरागाय नमः ॥

गडमुडशिंगी
२२ सप्टेंबर

चि. आदितीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. दशलक्षण पर्व होतं, दिवस बस्तीत, देवापुढे जायचा. आणि काय लिहावं ते सुचतही नव्हतं.

मी स्वेटर लपवलेला नाही. मी तो उसवला.

ते गेल्यावर त्यांच्या किनाऱ्यावरच्या खोलीतलं सामान त्या ट्रंकेतून घरी आलं. स्वेटर सगळ्यात वर होता. समुद्रावर रात्री थंडी वाजते असं त्यांनीच कळवलं होतं, म्हणून तर मी विणला. मग जहाजावर जाताना तो खोलीत ठेवून का गेले, हे मला कळलं नाही. विचारायला कोणी नव्हतं. जहाजच परत आलं नाही. मला रडू आलं नाही. बायका येऊन बसायच्या, मला धरून हलवायच्या, रड बाई रड म्हणायच्या. सासूबाईंनी डॉक्टर आणला. मला काही होत नव्हतं, दुखतही नव्हतं. भाकऱ्या थापायची, पाणी भरायची.

पुढच्या थंडीत पद्मावन्सं बाळंतपणाला माहेरी आल्या. बाळ गारठायचं. घरात एवढी चांगली लोकर पडून होती. मी गळ्यापासून उसवायला घेतलं आणि संध्याकाळी स्वेटर संपला. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ही पोरगी न्हवं, दगड हाय, असं त्या सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या. मला ते खरंच वाटलं, म्हणून रागही आला नाही.

लोकरीची लड केली, धुतली, खाली तांब्या बांधून वाळवली, म्हणजे तिचे वळ जातात. बाळाचा स्वेटर झाला. बाळ मोठं झालं, पुन्हा उसवला. असं करत दादाचा झाला, मग तुझा. तुझ्या वेळी निळी लोकर कमी पडली म्हणून पोटावर पांढरं बदक घातलं. आता तो दादाच्या अनेकांतच्या अंगात आहे. टोचतंय की आजी, म्हणून तो रोज भोकाड पसरतो. तुमच्यातल्या कोणाला मी हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

थंडीत ठेवून किडे मारता, हे नेमकं पर्वाच्या तोंडावर वाचायला मिळालं. जीव मारून वस्तू जपणं मला पटत नाही. मी वेखंड ठेवते, किडा आपला निघून जातो. आणि ते गार पाण्यात गेले आदिती. त्यांची लोकर मी बर्फात ठेवायला दिली नसती. नसलेल्या स्वेटरासाठी भांडते आहे, हसू नकोस.

डायरीतली ती ओळ वाचली. डायरीतली त्यांची पानं मी कधी वाचली नव्हती. वाचून काही वाटलं नाही. बाही लांब होती तर सांगायचं होतं.

तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
काकी


कोची
५ ऑक्टोबर

ती. काकीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं ते चुकलंच. रडताना सगळ्यांनी पाहिलं. घरी येऊन अल्बम काढला. मी अंगणात उभी आहे, नाक वाहतंय, पोटावर बदक. ते बदक मला आवडायचं नाही, बाकीच्या मुली हसायच्या. स्वेटर मात्र मी रात्रीसुद्धा काढू द्यायची नाही, असं आई सांगते.

आता मी काही मागणार नाही. कप्प्यात ट्रंक आहे, डायरी आहे, तेवढं पुरे. अनेकांतला तो स्वेटर घालू दे.

थंडीचं तुझं म्हणणं सरांना सांगितलं. त्यांनी नियम दाखवला, मी आवाज चढवला. घरच्यांना विचारल्याशिवाय कोणाचा कपडा आता बर्फात जाणार नाही, एवढं त्यांच्याकडून वदवून घेतलं. या कामामुळे दिवाळीला येणं होणार नाही. माझ्या वाटणीच्या करंज्या दादाला देऊ नकोस.

तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तो सोडणार नाही.

तुझी,
आदिती


॥ श्री वीतरागाय नमः ॥

गडमुडशिंगी
१५ नोव्हेंबर

चि. आदितीस,
अ. उ. आ.

करंज्या डब्यात आहेत. दादाने दोन खाल्ल्या, मी पाहिलं.

दिवाळीत अनेकांतला बाजारातला स्वेटर आणला, त्याच्यावर मोटारगाडी आहे. तो टोचत नाही म्हणे. अनुजाने निळा धुऊन, घडी करून माझ्या हातात ठेवला. तिचं काही चुकलं नाही. त्याच्याहून लहान आता घरात कोणी नाही. रोज ती घडी कपाटात दिसायची. कोणाला विणायचा ते सुचेना, म्हणून उसवला.

कोपरं गेलेली, जागोजागी तुटलेली, अशी लोकर कितीशी उरणार? त्यात मोठ्या माणसाची एक बाही झाली. तीच पाठवते आहे. गाठी खूप आहेत, त्या आतल्या अंगाला घेतल्या आहेत. तेव्हा बाही किती विणली होती ते हाताला आठवत होतं. त्यांना ती लांब झाली होती ना, म्हणून या वेळी दोन बोटं कमी केली.

सोबत वेखंडाची पुरचुंडी आहे, ती जवळच ठेव. बर्फात घालू नका. कसर लागली तर लागू दे, पण महिन्यातून एकदा तू स्वतः बघत जा. ४ तारखेला मी येणार नाही. कोणी भाषण करील आणि मला एक अक्षर ऐकू यायचं नाही.

बाही झाली तेव्हा नीट उतरली का ते बघायला मी तिच्यात माझा हात घातला. बोटांची टोकंसुद्धा बाहेर येईनात. दोन बोटं कमी करूनही. एवढा लांब हात होता त्यांचा, हे मी पार विसरून गेले होते. मग मला रडू आलं. मोठ्यानं रडले असणार, कारण परसात असलेली अनुजा धावत आली, तिला वाटलं मी पडले. तिने हात बाहेर काढायला लावला, मी काढू दिला नाही.

कप्प्यात बाही सरळ ठेव, दुमडू नकोस.

तुझी,
राजीकाकी