कारापूरचा उतार

शनिवार, २३ नोव्हेंबर

पाय एका जागी ठरत नाहीत. आज दोनदा डिचोली बाजारात जाऊन आले — काम काय, तर काही नाही! आईने जेवायला हाक मारली तर तिच्यावरच खेकसले.

उद्या कारापूरच्या माळावर शर्यत. गवत, चिखल, वाळू, मध्येमध्ये आडव्या फळ्या. फळी आली की उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि धावत सुटायचं. पहिल्या तिघी गोव्याच्या टीममध्ये. मला चौतीस पूर्ण झाली. आता नाही तर मग कसली टीम अन् कसलं काय!

सायकल तुषारने तयार केलीय. पेडण्यात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, पण आठवडाभर गिऱ्हाइकं सोडून माझ्याच सायकलीच्या मागे लागलेला. "ब्रेक असे लावलेत गौरवी, जपून दाब, नाहीतर तूच तोंडावर आपटशील." मेल्या, शुभ बोल की!

आणि बाबा येतो म्हणाले. चक्क बाबा! "चेडवान सायकली फिरवून काय मिळता" म्हणत पोरीच्या जातीला नावं ठेवणारे. आजवर एक शर्यत बघितली नाही त्यांनी.

रविवार, २४ नोव्हेंबर, सकाळ

सायकलला कुंकू, हँडलला जास्वंदीचं फूल! बाबांनी मी उठायच्या आधीच पूजा उरकली. खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचे तेव्हा पावसाळ्यानंतरच्या पहिल्या ट्रिपेला ट्रकचीही अशीच करायचे. बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

रविवार, संध्याकाळ

गेलं सगळं. मातीत गेलं!

सरावाला ब्रेक किंचाळत होते. वाटलं, गवतावर दव आहे, वाळेल. दुसऱ्या फेरीत मी तिसरी होते — तिसरी! मग परत तो तळीकडचा उतार, पहिल्या फेरीत कसाबसा निभावलेला. दोन्ही ब्रेक हँडलला टेकेपर्यंत दाबले, आणि चाकं आपली चाललीच आहेत! कडेची पट्टी तोडून सरळ खालच्या लाल चिखलात. लोक ओरडले, कोणीतरी हसलंही. उठले. पुढे प्रत्येक फेरीला तो उतार सायकल हातात धरून चालत उतरले, नव्या नवरीसारखी! शेवटून दुसरी आले. तिसरी कोण? सेजल. फळी दिसली की घाबरून थांबणारी सेजल!

शर्यत संपली तिथल्या दोरीपाशी तुषार, आणि त्याच्या शेजारी पाण्याची बाटली धरून बाबा. मी सायकल तुषारच्या पायांवर फेकली. "हे तुझे ब्रेक? दुकान बंद कर आणि चणे वीक!" सगळ्यांसमोर. तो खाली बसला, चाकाला बोट लावलं, उठला. "माझीच चूक," म्हणाला आणि पँटीला हात पुसला. एवढंच!

बाबा म्हणाले, "पडलंस तां पडलंस. हाड मोडूंक नाय मां?" मला त्यांच्याकडे बघवेना.

सोमवार, २५

ढोपर सुजलंय. ऑफिसात लंगडत गेले. तुषारचा फोन नाही. कुठल्या तोंडाने करणार!

मंगळवार, २६

सेजलचा फोटो ग्रुपवर. गोव्याचं जर्किन घालून. खाली "अभिनंदन" लिहिलं, मग फोन गादीवर आपटला.

बुधवार, २७

सायकल तशीच पडली होती, चिखल वाळून कडक झालेला. ऑफिसातून आल्यावर अंगणात धुवायला काढली. बाबा पायरीवर येऊन बसले. मग हळूच —

"तेल कमी पडला काय गो?"

"खंयचं तेल?"

"पूजेच्या वेळार लायलंय मां. खोबरेल. ट्रकाच्या चाकांक लावी तसाच. ती मधली पातळ ताटली आसा ना, ती कोरडी दिसली माका. तिका बरा चोळून लायलंय, दोनय बाजूंनी."

पातळ ताटली. ब्रेकची चकती! दाबली की चाक थांबतं ती! तिला माझ्या बाबांनी खोबरेल चोळलं, दोन्ही बाजूंनी, देवाचं नाव घेऊन!

ओरडणार होते. तोंडही उघडलं होतं. पण ते असे बघत होते — खरंच विचारत होते, आपलं काही कमी पडलं का म्हणून. म्हटलं, "नाही हो बाबा. तेल बरोबर होतं. मीच पडले."

"मगे जाव दी," म्हणाले आणि चहा मागायला आत गेले.

आणि मी तुषारला काय काय बोलले! चणे वीक म्हणाले! उद्या अर्धी रजा टाकून पेडण्याला जाते. शिव्या देऊ दे मला, चार ऐकून घेईन.

गुरुवार, २८

गेले. त्याच्या समोर उभी राहून सगळं सांगितलं. तो ट्यूबला ठिगळ लावत होता, मानही वर केली नाही.

"खोबरेलाचो वास माका थंयच, माळार इल्लो," म्हणाला. "पण तुझे बाबा बाजूक उभे होते."