घरघर पूर्ण बंद झाल्याशिवाय

३ मार्च, सकाळी ७.१०
निश्चय. ॲम्प्लिफायरची घरघर पूर्ण बंद झाल्याशिवाय रेकॉर्ड लावायची नाही. बाबांना तसं सांगितलं. म्हणाले, मला कुठे ऐकू येतेय घरघर, तू लाव. माझं मन राखायला म्हणतात. तीस वर्षं थिएटरात सिनेमाचं मशीन चालवलेल्या माणसाला घरघर चालणार नाही, एवढं मला कळतं.
२५ तारखेला बाबा दादाकडे राहायला जाणार. कायमचे. गुडघ्यांना तीन जिने झेपत नाहीत. ॲम्प्लिफायर इथेच राहणार. वहिनी म्हणाली, ते धूड कुठे ठेवू. कानाचे डॉक्टर म्हणाले, डावा गेलाच आहे, उजवाही हळूहळू जाईल. म्हणजे हातात बावीस दिवस. भरपूर आहेत.

५ मार्च
रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. ॲम्प्लिफायरमधले चारही व्हॉल्व्ह, दिव्यासारखे तापणारे काचेचे, कापसात गुंडाळून नेले होते. काकांनी विचारलं, अंडी उबवायला आणलीस का. मग एकेक लावून पेन्सिलीने टिचकी मारली. एक किणकिणला. म्हणाले, हा गेला. नवीन घेतला. निघताना म्हणाले, थोडी घरघर राहणारच रे, गाणं सुरू झालं की कळतही नाही. धंद्यातला माणूस असून असं बोलतो.

८ मार्च
घरघर आहे. कमी झाली असावी.
बाबांनी त्यांच्या आवडीच्या तिन्ही रेकॉर्डी पुसून खुर्चीवर काढून ठेवल्या होत्या. मी कपाटात ठेवल्या. उगाच धूळ बसते.

१० मार्च
पद्धत ठरवली. डावीकडचे व्हॉल्व्ह उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. घरघरीने बाजू बदलली तर दोष व्हॉल्व्हचा. गोदामात मी दिवसभर लेबलंच लिहितो, तेव्हा हे काम माझ्याइतकं नीट कोणाला जमणार नाही. चार लेबलं लिहिली. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं.

१२ मार्च
दोषी सापडला. 'डावा, दुसरा'. काकांकडे जमा करून बदली घेतला.

१३ मार्च
घरघर वाढली. कारणही लक्षात आलं. लेबलं चिकटवताना मी मशीनच्या मागे उभा होतो. मागून डावं ते पुढून उजवं. म्हणजे चांगला व्हॉल्व्ह देऊन आलो. लेबलांत मात्र शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.
परत काकांकडे. म्हणाले, तुझा तो ठणठणीत होता, कालच गिऱ्हाइकाने नेला. पुढचा माल दहा दिवसांनी. तोवर बाबांना ऐकू दे की चार गाणी, म्हणाले. मी म्हणालो, अर्धवट काम मी कोणाच्या हातात देत नाही.

१६ मार्च
दहा दिवस वाया घालवणार नाही. घरातले बाकीचे आवाज शोधले. फ्रिज बंद केला. दूध नासलं. घड्याळ शेजारच्या मावशींकडे ठेवायला दिलं. त्या म्हणाल्या, दे बाबा, पण वेळ विचारायला सारखी बेल वाजवू नकोस.
उरला बाबांचा श्वास. नाकातून बारीक शिट्टी येते. तपासणी चालू असेल तेव्हा जिन्यात बसाल का, असं विचारलं. उशी घेऊन गेले.

१९ मार्च
बाबांना जिन्यात बरं वाटतंय. मावशी चहा देतात. मला म्हणाल्या, अरे, जायच्या दिवसांत बापाला असं बाहेर काय बसवतोस. सांगितलं, त्यांच्यासाठीच चाललंय सगळं.

२३ मार्च, संध्याकाळी ६
व्हॉल्व्ह आला. लावला. बाबांनी विचारलं, मग आज लावायची का. समजावून सांगितलं: नवा व्हॉल्व्ह चाळीस तास नुसता तापू द्यायचा, मगच तो स्थिरावतो. चाळीस तास परवा सकाळी दहाला भरतात. दादा अकराला येणार. रेकॉर्डची एक बाजू वीस मिनिटांची. सगळं बसतं.

२५ मार्च, सकाळी ९.४०
दादा नऊलाच आला. म्हणाला, रस्ता रिकामा मिळाला. एकोणचाळीस तास झाले होते. बाबा म्हणाले, एका तासाने काय होतंय, लाव. मी म्हणालो, आता शेवटी कशाला घाई. दादा म्हणाला, याने परीक्षाही अशीच दिली नाही, वर्षभर वेळापत्रकच आखत बसला. त्याचा काही संबंध नव्हता.
बाबांनी रेकॉर्डी पिशवीत भरल्या, मग परत काढल्या. तिकडे लावणार कशावर. जिना उतरायला पंधरा मिनिटं लागली. गाडीत बसताना म्हणाले, झालं की कळव.

२५ मार्च, सकाळी १०.१५
झालं. दोन्ही स्पीकरना कान लावून पाहिलं. घरघर शून्य.
लगेच फोन केला. गाडी चालूच होती, दादाने फोन बाबांकडे दिला. उजव्या कानाला धरा म्हणालो आणि इकडे फोन स्पीकरसमोर धरला. पूर्ण एक मिनिट. मग विचारलं, काही ऐकू आलं का. बाबा म्हणाले, नाही रे, काहीच नाही. मी म्हणालो, तेच तर.
बाबांनी विचारलं, कुठली लावलीयस. सांगितलं, लावलेली नाही, सुई टेकली की खरखर येते.
बरं म्हणाले आणि फोन दादाकडे दिला.