घरातली चौदा माणसं

वैरोआ, मंगळवार

श्रीमती प्रेस्कॉट यांस,

तुमच्या बालकल्याण अहवालाचं चौथं पान मी तीनदा वाचलं. "तीन खोल्यांच्या घरात चौदा माणसं, नवजात मुलीला धोका." एवढ्या एका ओळीवर तुम्ही माझ्या सहा दिवसांच्या नातीला माझ्या लेकीच्या, तेरीनाच्या कुशीतून उचलून नेलंत!

बाई, घरात कोण कोण आहे, असं तुम्ही विचारलंत. आम्हा माओरींमध्ये याचं उत्तर म्हणजे मूल ज्यांच्या मांडीवर वाढणार, त्या सगळ्यांची नावं. एकही गाळलं तर त्या माणसाचा अपमान. मी मोठ्या अभिमानाने चौदा सांगितली. त्यांतले अकरा जण आपापल्या घरी झोपतात! एक तर ऑकलंडला असतो. गाद्या मोजायला काय झालं होतं? शाळा मी अर्धवट सोडली, पण हे घर छपरासकट स्वतः बांधलंय. मोजमाप मला कळतं.

हे पत्र मी पाठवणार नाही. तेरीना म्हणाली, "पप्पा, तुमचा राग पण फायलीत लावतील ते. गप बसा ना आता."

उद्या तुम्ही पुन्हा पाहणीला येणार. हुहानाआत्या शेजारीच राहते; मला तिनेच वाढवलं. सकाळी म्हणाली, "माझं नाव घेऊ नकोस रे. पोर घरी येऊ दे, मग घे दिवसातून दहादा."

तुम्ही विचाराल तेव्हा मी "तीन" म्हणेन, आणि ती कुंपणापलीकडे उभी राहून ऐकेल.

नाइलाजाने गप्प,
रावीरी पारातेने