एका भाऊबंदकीच्या दोन कानबाया

२ ऑगस्ट १९९१

यंदा दोन कानबाया बसू द्यायच्या नाहीत. ठरलं! एकच कूळ, एकच आडनाव, आणि श्रावणात नारळाच्या रूपात बसणारी ही कुळाची देवी वरच्या गल्लीची वेगळी, खालच्या गल्लीची वेगळी! माझ्या लग्नाआधीपासून हे असंच. खालच्या गल्लीत पाणीसुद्धा प्यायचं नाही — नवी नवरी होते तेव्हाच सासूबाईंनी बजावलं होतं.

५ ऑगस्ट

भांडण कशावरून, ते आज एकेकाला विचारलं. आमच्या वरच्या गल्लीचे वडीलधारे निंबानाना म्हणतात, खालच्यांनी शेताचा बांध कोरला. सासूबाई म्हणतात, पंगतीतून उठवलं. ह्यांना विचारलं तर म्हणे, "आबांना ते काय बोलले, विसरलीस?" अहो, सासऱ्यांना कोण काय बोललं तेव्हा मी माहेरी, देवपूरच्या शाळेत होते! कारण ज्याचं त्याचं निराळं, राग मात्र सगळ्यांचा सारखाच.

शिवाय नाना म्हणाले, "पहिले त्यास्नी यावं, मंग पाहू." खालचेही हेच म्हणत असणार. मग मीच जाते!

९ ऑगस्ट

गेले! भरदुपारी, सगळ्यांच्या देखत. खालच्या गल्लीतल्या सुंदरअक्कांच्या ओट्यावर बसले, पाणी प्यायले, चहासुद्धा. अक्का माझा हात धरून रडल्या. वाटलं, एवढंच तर होतं! निघताना म्हणाल्या, "पोरी, तू आते आमनीच शे."

गोड वाटलं. जरा खुपलंही. मी कुणाची व्हायला गेले नव्हते.

१० ऑगस्ट

सासूबाई बोलत नाहीत. नाना चारचौघांत ओरडले, "घरनी सून फितूर व्हयनी!" ओरडू देत. मी पाणी प्यायले, बांध नाही कोरला.

१६ ऑगस्ट

आज कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू काढले. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. ह्यांच्या नावाची मूठ नानांनी पाटीत पडूच दिली नाही! सासूबाई तिथेच होत्या. पोटचा लेक — तरी गप्प! हे मान खाली घालून घरी आले. जिवंत माणूस कुळातून वगळला, माझ्यामुळे. खूप रडले.

संध्याकाळी सुंदरअक्कांचा निरोप — "त्यानी मूठ आम्ही टाकसूत." केवढा आनंद झालाय त्यांना! वरच्यांचा एक गडी फुटला म्हणून. नाही! ह्यांच्या नावाची मूठ कुणीच टाकायची नाही!

१७ ऑगस्ट

दोंडाईच्याहून नारळ आणला. स्वतः जाऊन!

१८ ऑगस्ट, रविवार

मागच्या खोलीत चौरंग मांडला, त्यावर नारळ बसवला. ह्यांच्या नावाच्या सव्वा मूठ गव्हाचा रोट केला. मी आणि हे, दोघंच.

गावात आता तीन कानबाया.