बटाटा सोलताना

वाय्यापाता, पेरू

निकानोर,
तुला साहेब म्हणणार नाही. तुझं नाक पुसलंय मी.

तुझ्या शिक्षण खात्याकडून मार्गदर्शक शिक्षिकेच्या पदाचा अर्ज आलाय. "आजवर कोणाला मार्गदर्शन केलंत?" म्हणे. परवा नवा मास्तर विल्बर रडकुंडीला आला होता. "बाई, पोरं तोंडच उघडत नाहीत!"

म्हटलं, "उभा राहून काय विचारतोस? त्यांच्यात बस, उकडलेले बटाटे सोल."

तिसऱ्या बटाट्याला पोरं बोलायला लागली. हे कुठल्या रकान्यात लिहू?

पण पद घेतलं की वर्ग सोडायचा, हे कसं रे? ही युक्ती मला तुझ्यामुळेच सापडली. दुसरीत वर्षभर गप्प होतास. पहिल्यांदा बोललास तो माझ्याशेजारी बटाटा सोलताना. वर्ग सोडून नवं शिकू कोणाकडून?

पत्राचं उत्तर टपालात टाकू नकोस. खुर्चीवरून तू खरं बोलणार नाहीस. इकडेच ये, बटाटे उकडते.

तुझी बाई,
एउलालिया