दोघींपुरती खोली

मेडशी, शेतावरून

प्रिय साधना,

फोन केला की तू "बरी हाओ, बाई" एवढंच म्हणतेस आणि ठेवून देतेस. जाऊबाईला कितीदा तेच सांगशील? म्हणून लिहायला बसले.

गावातलं घर मी नव्या मास्तरांना राहायला दिलं. हे गेल्यापासून त्या घरात मला पुसणं आणि कुलपं लावणं एवढंच काम उरलं होतं. सोफ्यावर कोणी बसत नव्हतं, गोळी घेतल्याशिवाय माझा डोळा लागत नव्हता. सोयाबीन काढणीला राखण म्हणून वावरातल्या खोलीत आले, आणि पहिल्याच रात्री अशी झोपले की सकाळी ऊन अंगावर आलं तेव्हा जाग आली. मग परत गेलेच नाही. एक बाज, चार भांडी, ज्वारीचं पीठ, विहिरीचं पाणी. आणखी काही लागतच नाही गं. बबलू पुण्याहून ओरडला, "लोक काय म्हनतीन? मायले वावरात ठेवलं!" मी म्हटलं, "सांग त्याईले, माय पोटभर जेवून राह्यली."

तुझं लग्न झालं तेव्हा आपण चौघं आणि सासूबाई याच खोलीत होतो. दोघे भाऊ बाहेर निजायचे. चूल एक, तवा एक. तू भाकरी थापायचीस, मी शेकायची. तो मानोऱ्याचा पाहुणा आठवतो? घरात नुसती वांगी होती. तू भाजीत इतकं तिखट घातलंस की बिचारा ताटावरून उठून विहिरीकडे पळाला. सासूबाई डाफरल्या, "काहून हसून राह्यल्या वं दोघी?" आणि आपल्याला हसू आवरेना. पुढे बरे दिवस आले, दोन घरं झाली, दोन स्वयंपाकघरं झाली. भांडण कधीच झालं नाही. तुझ्या कुकरच्या शिट्ट्या मला भिंतीपलीकडून ऐकू यायच्या, पण आज काय केलंस हे विचारायला उठून येणं हळूहळू राहूनच गेलं.

परवा वाशीमहून तुझ्या हरीओमचा फोन आला. "मोठी आई, आई धड जेवून नाही राह्यली. डॉक्टर म्हनते, सारं नॉर्मल हाय." धनराजभाऊजी उन्हाळ्यात गेले आणि हरीओमनं तुला वाशीमला नेलं, तेव्हापासून तू खिडकीशीच बसून असतेस म्हणे. पोरगा चांगला आहे, सून रेणूही जीव लावते. त्यांनी तुला खोली दिली, टीव्ही दिला. आणखी काय द्यावं हे त्यांना कळत नाही. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी तुला न्यायला येतेय. दोन लुगडी आणि तुझी औषधं घे, बाकी सगळं तिथंच राहू दे. तुरी फुलल्या आहेत, बांधावरून पिवळंधमक दिसतं. नाही करमलं तर मीच परत आणून सोडीन. तुझ्या काळजीनं येतेय, असं मी हरीओमला सांगितलंय. त्याला तसंच वाटू दे. तुला मात्र खरं सांगते. इथं सगळं मनासारखं आहे, पण संध्याकाळी चूल पेटवली की बोलायला कोणी नसतं. मलाच तू हवी आहेस.

तुझीच जाऊ,
बेबी